ओके म्हणजे नक्की काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या नौपाड्यात मी संध्याकाळी स्पोकन इंग्लिशचे क्लास घेते. कॉलेजची मुलं असतात, मुलं मोठी झाल्यावर परत नोकरी शोधणाऱ्या ताया असतात, ऐरोली-महापेच्या ऑफिसांत नवीन लागलेले असतात, रिटायर झालेले काका पण येतात. ओके हा शब्द यातल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशीच येत असतो आणि तरी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच्याबद्दलच येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय.

ओके म्हणजे नेमकं काय?

"चालेल". आक्षेप नाही, अडचण नाही, पुढे जाऊया, एवढंच. त्यात कौतुक नाही, वचन नाही, आणि तुम्हाला सगळं समजलंय असं पण त्यातून सिद्ध होत नाही. आपण मात्र ओके म्हणताना हे सगळं त्यात धरतो, समोरचा पण धरतो, आणि मग गैरसमज होतात. खालचे बरेचसे प्रश्न फिरून इथेच येतात.

आपल्याकडे याच जागेवर कितीतरी शब्द आहेत. "बरं" म्हटलं की ऐकून घेतलं, "चालेल" म्हटलं की मंजूर, "करतो" म्हटलं की काम अंगावर घेतलं, "असू दे" म्हटलं की सोडून दिलं. ओके या सगळ्यांच्या जागी चालतं म्हणून सोयीचं आहे, पण यातलं नक्की कुठलं म्हणायचंय ते समोरच्याला ओळखावं लागतं.

हा शब्द आला कुठून?

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातून, आणि तोही वर्तमानपत्रातल्या एका विनोदातून. १८३० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या पेपरांमध्ये शब्दांची नुसती पहिली अक्षरं छापायची फॅशन आली होती, आणि त्यातही स्पेलिंग मुद्दाम चुकवायचं. म्हणजे "ऑल राइट" चं "ए आर" व्हायला हवं तर ते "ओ डब्ल्यू" करायचे, उच्चार तोच राहतो आणि वाचणारा हसतो. २३ मार्च १८३९ च्या बॉस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये असंच "ओ. के." छापून आलं, सोबत अर्थ पण दिलेला होता, "ऑल करेक्ट". आता ऑल सुरू होतं ए ने आणि करेक्ट सी ने, म्हणजे सगळं बरोबर आहे असं सांगणाऱ्या दोन अक्षरांतली दोन्ही चुकीची. आजच्या मुलांनी "थँक्स" चं "टीएचएक्स" केलं म्हणून जे पालक माझ्याकडे काळजीने येतात त्यांना मी हे आवर्जून सांगते.

त्या फॅशनमधली बाकीची अक्षरं बहुतेक विसरली गेली, ओके टिकलं, आणि त्यामागे १८४० ची अध्यक्षपदाची निवडणूक आहे. तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे होते, त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहूक, म्हणून समर्थक त्यांना "ओल्ड किंडरहूक" म्हणायला लागले, त्याची पहिली अक्षरं पुन्हा ओ आणि के, मग ओ. के. क्लब निघाले. विरोधकांनी तेच हत्यार उलटं फिरवलं, की आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नव्हतं, कागदपत्रांवर "ऑल करेक्ट" समजून तेच ओके लिहायचे. दोन्ही बाजूंच्या प्रचारातून शब्द देशभर पोचला. व्हॅन ब्युरेन मात्र हरले.

मग तार आली. रेल्वेच्या तार ऑफिसातल्या माणसाला समोरच्या स्टेशनला कळवायचं असायचं की निरोप पूर्ण मिळाला, त्यासाठी ही दोन अक्षरं अगदी सोयीची होती. इथे लक्षात घेण्यासारखं हे की तारेतलं ओके म्हणजे "मिळालं". निरोपातलं काम होईल की नाही हे त्यात नव्हतं. हा फरक आज व्हॉट्सॲपवर पण तसाच आहे, खाली सांगते.

पण मी तर ऐकलं होतं की ओके म्हणजे "झिरो किल्ड", युद्धात कोणी मेलं नाही असं.

ही गोष्ट क्लासमध्ये दर वेळी कोणीतरी सांगतंच आणि फॉरवर्ड पण खूप फिरतं, पण तिला पुरावा नाही. अशा अजून पुष्कळ गोष्टी आहेत, ग्रीक भाषेतल्या "ओला काला" वरून आलं, स्कॉटलंडच्या "ओख आय" वरून आलं, पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांवरून आलं. अमेरिकेतल्या चॉक्टॉ लोकांच्या भाषेत "ओके" सारखाच ऐकू येणारा शब्द आहे आणि अध्यक्ष वुड्रो विल्सन त्यावर विश्वास ठेवून कागदांवर "ओ के ई एच" असं स्पेलिंग लिहायचे.

बॉस्टनवाली हकीकत आज मानली जाते त्याचं श्रेय ॲलन वॉकर रीड या कोलंबिया विद्यापीठातल्या प्राध्यापकांना. त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांचे ढीग चाळून तारखेसकट पुरावे काढले आणि १९६३-६४ मध्ये "अमेरिकन स्पीच" या नियतकालिकात लेखमाला लिहिली. एका एवढ्याशा शब्दासाठी माणूस इतकी मेहनत घेतो याचं मला फार अप्रूप वाटतं, आणि भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाला हे नाव माहीत असावं असं पण वाटतं.

स्पेलिंग कुठलं बरोबर, दोन अक्षरी की चार अक्षरी?

दोन्ही बरोबर. दोन अक्षरी कॅपिटलमध्ये लिहा, मध्ये टिंबं नकोत, ती आता जुनी झाली. चार अक्षरी म्हणजे ओ के ए वाय, ते वाक्याच्या मध्ये सुरेख बसतं. एका मेलमध्ये एकच ठेवा, वर एक आणि खाली दुसरं असं नको.

नुसतं "के" पाठवलं तर काय होतं?

समोर कोण आहे त्यावर आहे, आणि हा प्रश्न मला मुलांपेक्षा आयाच जास्त विचारतात. मुलगा घणसोलीला पीजीमध्ये राहतो, आईने मोठ्ठा मेसेज टाकला की डबा पाठवलाय, भाजी आज संपव, चपात्या उद्यापर्यंत राहतील, पावसाचं सांभाळून ये, आणि त्याचं उत्तर येतं "के". आईला वाटतं चिडलाय का. मुलाच्या मनात काहीही नसतं, तो लोकलच्या दारात उभा राहून एका हाताने टाइप करत असतो. पण बघा ना, ज्याने दहा ओळी लिहिल्या त्याला एक अक्षर परत आलं तर लागणारच, त्यात आईचं काही चुकत नाही.

इंग्रजी बोलणाऱ्यांमध्ये पण नुसतं "के" तुटक समजतात, भांडण झाल्यावर पाठवतात तसलं. "केके" त्यापेक्षा मऊ वाटतं. आणि तरुण मंडळी ओकेपुढे फुलस्टॉप दिसला तरी रागाचा अर्थ काढतात, मोठ्यांना हे खरं वाटत नाही, त्यांच्या दृष्टीने वाक्य संपलं की टिंब द्यायचंच. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं, मेसेजमधल्या एका शब्दाच्या उत्तरापुढे फुलस्टॉप असेल तर वाचणाऱ्यांना ते कमी मनापासून दिलेलं वाटलं. हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत तसा फरक दिसला नाही.

माझं मत विचाराल तर आईला "हो आई, खातो" लिहा. फार तर पाच सेकंद जातात.

मॅनेजरला "ओके" लिहिणं उद्धटपणा होतो का?

उद्धटपणा होत नाही, पण अपुरं होतं. मॅनेजरने लिहिलं की शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवा आणि तुम्ही लिहिलंत ओके, तर त्याला काय कळलं? तुम्ही वाचलंत, एवढंच. शुक्रवारी मिळणार की नाही ते नाही कळलं. परदेशातला क्लायंट असेल तर तो ओके म्हणजे कबूल असंच धरतो, आणि आपल्याकडे कित्येक जण ओके लिहितात तेव्हा मनात "बघू, जमवायचा प्रयत्न करू" असं असतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी कॉलवर सगळ्यांची तोंडं पडतात.

विमानाच्या रेडिओवर यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. "रॉजर" म्हणजे तुमचं बोलणं पूर्ण मिळालं. "विल्को" म्हणजे मिळालं आणि तसं करतो, "विल कम्प्लाय" चं ते छोटं रूप. तिथे यांची सरमिसळ चालत नाही कारण ऐकणं आणि करणं यात लोकांचे जीव असतात. नवी मुंबईच्या विमानतळाचं ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं तेव्हापासून माझ्याकडे ग्राउंड स्टाफच्या इंटरव्ह्यूची तयारी करणारी मुलंमुली पण येतात, त्यांना मी पहिल्याच आठवड्यात ही जोडी पाठ करायला लावते, भले त्यांना पायलटशी कधी बोलायचं नसो.

ऑफिसात विल्को म्हणू नका, लोक बघत राहतील. ओकेच्या पुढे एक वाक्य जोडा की काम झालं: "ओके, आय विल सेंड इट बाय फ्रायडे." आणि जमणार नसेल तर "ओके, बट आय विल नीड टिल मंडे." नुसतं वाचलंय एवढंच कळवायचं असेल तर "नोटेड" किंवा "गॉट इट" आहे, पण नोटेड वरिष्ठांना लिहिताना कोरडं वाटतं, पुढे थँक यू लावा.

"फूड वॉज ओके" म्हटलं तर आमचे पाहुणे का नाराज झाले?

कारण इंग्रजीत ते कौतुक नाही. "हाऊ वॉज द फूड?" ला "इट वॉज ओके" म्हणजे ठीकठाक होतं, खाल्लं, परत मागणार नाही. आणि "ओके-ओके" म्हटलंत तर त्याहून खालचं. (ओके-ओके असं दोनदा म्हणणं आपल्या भारतीयांचं आहे, बाहेरच्याला त्याचा अर्थ लागेलच असं नाही, तिकडे "सो-सो" म्हणतात.)

मराठीत मात्र ओके चढलंय! "एकदम ओके" म्हणजे फर्स्टक्लास, काही कमी नाही. जून २०२२ मध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून कार्यकर्त्याशी फोनवर बोलले, "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील", ती क्लिप घराघरात पोचली आणि त्यासोबत ओकेचा "ओक्के" झाला, क वर जोर देऊन. त्याच राजकारणात विरोधकांनी "पन्नास खोके, एकदम ओक्के" ही घोषणा दिली, ती ठाण्यात तर चौकाचौकात ऐकू यायची. कोणाची बाजू घ्यायची म्हणून हे सांगत नाहीये, दोन्हीकडे ओक्केचा अर्थ बघा: पूर्ण समाधान. हाटील नुसतं बरं होतं असं कोणालाच म्हणायचं नव्हतं.

म्हणजे इंग्रजीत ओके अर्ध्यावर थांबतं आणि मराठीत "एकदम" लागलं की टोकाला पोचतं. घरी "भाजी एकदम ओके झालीये" म्हणा, वहिनी खूश होतील. इंग्रजी बोलणाऱ्या पाहुण्यांकडे जेवलात तर "इट वॉज रिअली गुड" किंवा "आय लव्ह्ड इट" म्हणा. माझ्या क्लासमधून हा एकच धडा लोकांनी घरी नेला तरी मला समाधान आहे.

"आय ॲम ओके" म्हणजे मी बरा आहे की मला नको?

दोन्ही. पडलात आणि कोणी विचारलं तर मी बरा आहे. चहा हवा का विचारलं आणि "आय ॲम ओके" म्हटलंत तर नको. ही दुसरी गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना माहीत नसते, कॉफी विचारल्यावर हो म्हणायचं म्हणून "आय ॲम ओके" म्हणतात आणि कॉफी येतच नाही. हवी असेल तर "येस प्लीज".

सॉरीला "इट्स ओके" चालतं, मग थँक यूला का नाही?

सॉरीला अगदी बरोबर, काही हरकत नाही असा अर्थ. थँक यूला आपल्याकडे सर्रास "इट्स ओके" म्हणतात, आपापसात कोणाला खटकत नाही, पण बाहेरचा माणूस क्षणभर गोंधळतो, मी माफी कुठे मागितली म्हणून. "यू आर वेलकम", "नो प्रॉब्लेम", "शुअर", काहीही म्हणा.

कोणी "आर यू ओके?" विचारलं तर काय उत्तर द्यायचं?

खरं उत्तर द्यायचं. ठाणे स्टेशनच्या गर्दीत चक्कर आली, पायऱ्यांवर पाय घसरला आणि कोणी विचारलं, तर "येस, आय ॲम ओके, थँक यू" हे तेव्हाच म्हणा जेव्हा तुम्ही खरंच उभे राहू शकता. नसाल तर "नो, आय नीड टू सिट डाऊन" किंवा "आय नीड वॉटर". आपल्याकडे विशेषतः बायका, आणि वयस्कर माणसं, विचारल्याबरोबर ओके ओके म्हणून मोकळ्या होतात, कोणाला त्रास नको म्हणून. अशा वेळी त्रास द्यावा, विचारणारा त्यासाठीच थांबलेला असतो.

इंग्लंडमध्ये "यू ऑल राइट?" असं जाताजाता विचारतात, तो मात्र नुसता नमस्कार असतो, तब्येतीची माहिती द्यायची नाही, "यू ऑल राइट?" असंच परत म्हटलं तरी चालतं.

ओकेच्या पुढे विथ, फॉर, टू, इफ, काय कधी लावायचं?

परवानगी मागताना "इज इट ओके इफ आय कम लेट?" इथे इफच्या पुढे "विल" घालू नका, आपण मराठीतल्या "येईन" मुळे "इफ आय विल कम" म्हणतो, तो विल काढायचा. कुठल्याही माणसाचं नाव न घेता विचारायचं तर "इज इट ओके टू पार्क हिअर?" तुम्हाला चालतंय असं सांगायचं तर "दॅट्स ओके विथ मी" किंवा "ओके बाय मी". आणि ओके हे क्रियापद पण आहे, "माय बॉस ओकेड द लीव्ह", म्हणजे रजा मंजूर केली. आपलं "सरांनी ओके केलं" तसंच आहे, त्यामुळे हे पटकन जमतं.

बोलताना प्रत्येक वाक्याला "ओके?" म्हणायची सवय लागलीये, ती वाईट आहे का?

शिकवणाऱ्यांना आणि ट्रेनिंग देणाऱ्यांना ही सवय असते. "धिस इज द फॉर्म, ओके? फिल इट, ओके?" मोठ्या माणसांना असं बोललं की लहान मुलांना समजावतोय असं वाटतं. अधूनमधून थांबून "एनी क्वेश्चन्स सो फार?" विचारा. विषय बदलताना सुरुवातीला "ओके, सो..." म्हणणं मात्र अगदी नैसर्गिक आहे, इंग्रजी बोलणारे सगळेच म्हणतात, ते सोडायची गरज नाही.

कंपनीत पीसवर "ओके" लिहितात, ते हेच ओके का?

हेच, आणि माझ्या मते या शब्दाचा सगळ्यात प्रामाणिक वापर तिथेच होतो. वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भे-रबाळेच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात कुठल्याही शॉपफ्लोरवर जा, पीस ओके, पीस नॉट ओके, रिवर्क, रिजेक्ट, हे शब्द मराठी, हिंदी, भोजपुरी बोलणारे सगळे सारखेच वापरतात. तिथे ओके म्हणजे ड्रॉइंगमध्ये दिलेल्या टॉलरन्समध्ये, म्हणजे माप जेवढं कमी-जास्त चालतं तेवढ्यात, बसलं. पीस सुंदर आहे का, कोणाला आवडला का, हा प्रश्नच नाही, मापात आहे की नाही एवढंच. सेटिंग बदललं की पहिला पीस काढून क्वालिटीवाल्याकडून ओके करून घेतात आणि मगच पुढचा लॉट चालू करतात. ओके मारणाऱ्याची सही असते, म्हणजे त्या ओकेला कोणीतरी जबाबदार असतं.

माझ्या बॅचमध्ये एक मशिनिस्ट दादा होते, त्यांना ओकेचा इंग्रजी अर्थ मला समजवावाच लागला नाही. ते म्हणाले, "मॅडम, ओके म्हणजे पास झाला, नंबर आला असं नाही." याच्याहून नेमकं मला सांगता येणार नाही.

आणि शूटिंगमधलं?

घोडबंदर रोडच्या बाजूला मराठी मालिकांची शूटिंगं चालतात, तिथे टेक चांगला गेला की "ओके" आणि पुढचा शॉट. कॅमेरा, साउंड, अभिनय सगळं वापरण्याजोगं आलं असा अर्थ. कंपनीतल्यासारखंच.

ट्रकवर "हॉर्न ओके प्लीज" का लिहितात?

मागच्याने ओव्हरटेक करताना हॉर्न द्यावा म्हणून हॉर्न प्लीज, हे समजतं. मध्ये ओके कसं घुसलं याच्या दोन गोष्टी सांगतात, दुसऱ्या महायुद्धात गाड्या रॉकेलवर चालायच्या म्हणून "ऑन केरोसीन", आणि दुसरी टाटांच्या ओके साबणाच्या जाहिरातीची. ऐकायला छान आहेत पण दोन्ही सांगोवांगीच, पक्का पुरावा कशालाच नाही.

पक्कं हे आहे की महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये व्यावसायिक गाड्यांवर हे लिहायला मनाई केली, कारण त्यामुळे विनाकारण हॉर्न वाजवायला प्रोत्साहन मिळतं. तरी उरणकडून कळंबोलीला येणाऱ्या ट्रेलरच्या मागे ते अजून दिसतंच. माजिवड्याच्या पुलाखाली रोज अडकणाऱ्या माणसाला विचारा, हॉर्न कमी झाले असते तर किती बरं झालं असतं.

कम्प्युटरच्या बटणावर ओकेच का असतं, येस का नाही?

याची खरी गोष्ट आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲपलमध्ये लिसा नावाच्या कम्प्युटरवर काम चालू होतं, तेव्हा बटणावर "डू इट" लिहिलेलं होतं. साध्या लोकांना बसवून चाचणी घेतली तर एकाला ते "डोल्ट" असं दिसलं, म्हणजे मूर्ख, स्क्रीनवरच्या अक्षरांत कॅपिटल आय आणि एल सारखेच दिसायचे. मशीन मला मूर्ख का म्हणतंय असं त्याला वाटलं. मग ते बदलून ओके केलं. लिसा १९८३ मध्ये बाजारात आला.

बटणावरच्या ओकेचा अर्थ मात्र "वाचलं, पुढे चल" असा असतो. ॲप डाउनलोड करताना कॉन्टॅक्ट आणि फोटो बघू का असं विचारतात आणि आपण न वाचता ओके दाबतो. तिथे थांबून वाचा, विशेषतः घरच्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये.

अंगठा आणि बोट जोडून केलेली खूण सगळीकडे चालते का?

नाही. आपल्याकडे ती "मस्त" ची खूण आहे, जेवण झक्कास झालं की करतो. स्कूबा करणारे पाण्याखाली "मी ठीक आहे" सांगायला हीच खूण करतात, आणि तिथे अंगठा वर दाखवला तर "वर चला" असा अर्थ होतो, त्यामुळे मालवण-तारकर्लीला डायव्हिंगला जाणार असाल तर हा फरक आधी डोक्यात पक्का करा. जपानमध्ये त्याच गोलाचा अर्थ पैसे, फ्रान्समध्ये शून्य होऊ शकतो, ब्राझीलमध्ये ती घाणेरडी शिवी समजतात. अमेरिकेत २०१७ पासून काही वर्णद्वेषी लोकांनी ती वापरायला सुरुवात केली आणि २०१९ मध्ये तिथल्या एका द्वेषविरोधी संस्थेने तिला द्वेषाच्या खुणांच्या आपल्या यादीत घातलं. साधा माणूस अजूनही साध्या अर्थानेच वापरतो, पण ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर नुसता अंगठा वर केलेला बरा.

ए-ओके, ओकी-डोकी?

ए-ओके म्हणजे सगळं व्यवस्थित, १९६१ मध्ये ॲलन शेपर्ड अवकाशात जाऊन आले तेव्हा नासाच्या प्रवक्त्याने वापरलं आणि लोकांच्या तोंडी बसलं. ओकी-डोकी लाडात म्हणतात, नातवंडांशी बोला, इंटरव्ह्यूत नको.

सोसायटीच्या ग्रुपवर प्रत्येकाने ओके लिहायलाच हवं का?

सेक्रेटरीने "उद्या पाण्याचा शटडाऊन आहे, आज साठवून ठेवा" टाकलं की खाली शंभर ओके येतात आणि ज्याने संध्याकाळी ग्रुप उघडला त्याला मूळ निरोप सापडतच नाही. मेसेजवरच अंगठा द्या. मतदानाचा विषय असेल, लिफ्टचा खर्च, रंगाचं कंत्राट, तर तिथे पण ओके नको, "मंजूर" किंवा "मंजूर नाही" लिहा, फ्लॅट नंबर टाका. नंतर मीटिंगमध्ये "मी फक्त वाचलं म्हणून ओके लिहिलं होतं" असं म्हणणारे निघतात, आणि ते खोटं बोलत नसतात.

मराठीत बोलताना ओके वापरलं तर मराठी बिघडते का?

नाही बिघडत, टेबल आणि बस जसे आपले झाले तसं ओके पण झालंय, "ओके करून घे", "ओकेच आहे", "ओक्केमधी" असे आपले प्रत्यय पण लागलेत. मला काळजी वाटते ती दुसरीच. घरातल्या लहानांना "बरं", "असू दे", "चालेल", "करते" यातला फरक कानावरच पडत नाहीये, सगळ्याला ओके. आजीने काही सांगितलं तर "हो आजी, करते" म्हणायला शिकवा, तिला नेमकं काय कळायला हवंय ते त्यात येतं.

समजलं नसेल तरी तोंडातून ओके निघतं, काय करू?

हा प्रश्न लोक क्लास संपल्यावर, बाकीचे गेले की हळूच विचारतात, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. डॉक्टर भराभर इंग्रजीत सांगतात, गोळी जेवणाआधी की नंतर, किती दिवस, कुठली बंद करायची, आणि समोर बसलेल्या आई "ओके डॉक्टर, ओके" म्हणून बाहेर येतात आणि मेडिकलवाल्याला विचारतात. यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, समोरचा घाईत असतो, मागे लाइन असते, इंग्रजी येत नाही असं दिसू नये वाटतं. पण तुमचं ओके ऐकून डॉक्टर समजतात की कळलं, आणि ते पुढच्या पेशंटकडे वळतात.

यासाठी तीन वाक्यं आहेत, क्लासमध्ये आम्ही ती मोठ्याने म्हणतो, लाजरा माणूस पण चौथ्या दिवशी म्हणायला लागतो. "सॉरी, कॅन यू से दॅट अगेन, स्लोली?" दुसरं, "कॅन यू प्लीज राइट इट डाऊन?" तिसरं म्हणजे ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं, "सो, वन टॅब्लेट आफ्टर लंच, वन ॲट नाइट, फॉर फाइव्ह डेज, राइट?" परदेशात कितीतरी ठिकाणी डॉक्टर-नर्सना शिकवतातच की पेशंटकडून असं परत वदवून घ्या. इंग्रजी अडलं तर हेच मराठीत विचारा, "म्हणजे दुपारी जेवल्यावर एक आणि रात्री एक, बरोबर ना?" ठाण्यातल्या बहुतेक डॉक्टरांना मराठी कळतं.

फोनवर पण हेच. बँकेतून बोलतोय म्हणून कोणी घाईघाईने इंग्रजी-हिंदीत काही सांगत असेल तर प्रत्येक वाक्याला ओके ओके करत जाऊ नका, ओके म्हणता म्हणता माणूस ओटीपी पण सांगून बसतो. "आय विल कॉल द बँक मायसेल्फ" म्हणा आणि फोन ठेवा, पासबुकावरच्या किंवा कार्डामागच्या नंबरवर स्वतः फोन करा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, तिथे हिंदी-मराठीत बोलता येतं, इंग्रजीची गरज नाही.